साडेपाचनंतरची खाडी

महिना बदलला की भिंतीवरच्या कॅलेंडरात तुम्ही सगळ्यात आधी काय शोधता? लाल रंगातल्या सुट्ट्या, बरोबर? आणि मग त्या शनिवार-रविवारला जोडून आल्यात का, ते. माझी एक मैत्रीण आहे, ती तिथी शोधते. उपासतापासाशी तिचा काडीचा संबंध नाही. रत्नागिरीतल्या एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात ती लोकांच्या हप्त्यांचे हिशेब बघते, साडेपाचला सुटते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या संध्याकाळी तिला शोधायचं झालं तर भाट्याच्या खाडीत शोधावं लागतं. कयाकमध्ये. हातात गरी घेऊन.

गरी म्हणजे दोरा आणि त्याला बांधलेला गळ. गरीनं मासे पकडणं म्हणजे ‘गरवणं’. मी घाटावरची, इंटर्नशिपसाठी इथं आलेली. त्यामुळे हा शब्द मला इथं येऊनच कळला आणि लगेच आवडला. ‘फिशिंगला चाललोय’ म्हटलं की टोपी, गॉगल आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. ‘गरवायला चाललोय’ यात नुसती वाट बघणं आहे.

कयाक तुम्ही पाहिलेली असणार. तारकर्लीत किंवा गोव्यात, नारिंगी लाइफ जॅकेट घालून, अर्ध्या तासाचे अमुक इतके पैसे देऊन, वल्हं आडवं धरून काढलेला तो एक फोटो आपल्या सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे. पण मुळात ते खेळणं नव्हतं. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची ती शिकारीची होडी. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं सीलचं कातडं आणि मधे एका माणसापुरती जागा. ग्रीनलंडमध्ये दोन होड्यांची सरळ वाटणी होती. कयाक पुरुषांची, शिकारीची. आणि उमियाक नावाची मोठी उघडी होडी बायकांची, पोरंबाळं आणि घरचं सामान वाहून न्यायची. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती वल्हं मारायची थांबली. म्हणाली, ‘म्हणजे तिथंपण?’

तिथंपण, हो. कारण इथं काय आहे ते तिला जन्मापासून माहिती आहे. तिचं घर खाडीकाठी. वडील मच्छीमार, आई मासळीबाजारात बसते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात बसून मुळे काढायचे, खडकावरची कालवं फोडायची, मासळी सुकवायची, पहाटे टोपली घेऊन बाजार गाठायचा आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करून दर पाडून घ्यायचा नाही, हे सगळं बायकांचं काम. घरात पैसा येतो तो त्यांच्या हातातून. पण होडीत पाय? ‘होडी बापयांची गो. बाईमाणसाला पाणी गुडघ्यापर्यंत,’ असं तिच्या आजीचं म्हणणं. बापये म्हणजे पुरुष. आजीच्या बोलण्यात राग नाही, तक्रार नाही. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात ती साठ वर्षं वावरली आहे आणि कुठल्या दगडाखाली काय मिळतं हे तिला तोंडपाठ आहे. फक्त त्यापुढे ती कधी गेली नाही.

मैत्रीण गेली ती अपघातानंच. वॉटर स्पोर्ट्सचा धंदा बंद करणाऱ्या एकानं जुनी, दोघांची कयाक विकायला काढली होती. साधारण बारा फूट लांब, पिवळी, उन्हानं रंग उडालेली, एका बाजूला वितळवून सांधलेली. बावीस हजार, सहा हप्त्यांत. दिवसभर लोकांचे हप्ते मोजणारी ही बाई स्वतः हप्त्यात शिरली. कयाक टेम्पोतून घरी आली तेव्हा तिच्या बाबांनी ती बोटानं ठोकून पाहिली, उलटी करून तळ पाहिला आणि चहा प्यायला आत गेले. बोलले काहीच नाहीत. नंतरही बरेच महिने त्या विषयावर ते बोलले नाहीत.

पाऊणकीचा पाढा

आता ते तिथीचं. हे नीट वाचा, कारण समुद्राकाठी फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं असं माझं मत आहे. कयाक असो वा नसो.

कोकणातलं जुनं गणित असं आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणनं गुणा. जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दिवसाची एक आणि रात्रीची एक, दोन्ही साधारण याच वेळेला. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, जागेप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे पाण्यात उतरायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच. पण एसटीत बसल्या बसल्या अंदाज करायला हे पुरतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्या मागोमाग भरतीही उशिरा येते, एवढंच त्यामागचं शास्त्र.

आता हे गणित ऑफिसच्या वेळेवर ठेवून बघा. साडेपाचला सुटणाऱ्या माणसाला चतुर्थी-पंचमी उपयोगाची नाही. दुपारी तीन-चारला भरती होऊन गेली, संध्याकाळभर पाणी समुद्राकडे धावत असतं, म्हणजे खाडीच्या मुखाकडे. अंधार पडत असताना पाणी तुम्हाला बाहेर ओढतंय, हा सीन कुणालाच नको. अष्टमीला सहा वाजता खाडी तुडुंब. कांदळवनाच्या मुळांत पाणी शिरलेलं असतं, दिसायला फार सुंदर, पण लगेच उलटं फिरतं. आणि त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा? ओहोटीचा तळ चार ते साडेपाचच्या दरम्यान येऊन गेलेला. तुम्ही खाडीत उतरता तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं आणि ते तुम्हाला आत, घराकडे ढकलत असतं.

वाराही मदतीला येतो. भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? परीक्षेनंतर आपण ते विसरलो. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तो खारा. रात्री उशिरा, पहाटे तो उलटा होतो, तो मतलई. म्हणजे चतुर्दशीच्या संध्याकाळी पाणी आणि वारा दोघंही एकाच बाजूनं, घरच्या बाजूनं. मैत्रिणीची रजा, ओव्हरटाइम, मैत्रिणींचे वाढदिवस हे सगळं या चार-पाच संध्याकाळी सोडून उरलेल्या दिवसांत बसवलेलं असतं. साहेबांना वाटतं मुलगी फार धार्मिक आहे.

वीतभर पाणी

मी तिच्याबरोबर गेले ती फेब्रुवारीतली चतुर्दशी होती. पावणेसहाला आम्ही तिच्या घराखालच्या चिखलातून कयाक ओढत नेली. तिचं वजन पस्तीस किलोच्या आसपास, दोघींना सहज जमतं. पायात जुने बूट, कारण कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. आणि चिखलात पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. उथळ पाण्यात तळाशी पाकट अंग पसरून पडलेला असतो. पाय घासत गेला तर चाहूल लागून तो निघून जातो, त्याच्या पाठीवरच पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. तिची आजी अशीच चालते, अगदी घरात ओटीवरसुद्धा.

काजळी नदी सह्याद्रीतून साखरप्याकडून उतरते आणि भाट्याला समुद्राला मिळते. मुखाशी गाळ साचलेला असतो. ओहोटीला बोटींना आत-बाहेर करणं कठीण होतं, हे राजिवड्यापासून भाट्यापर्यंत कुठल्याही बोटवाल्याला विचारा, तो अर्धा तास बोलेल. कयाकला मात्र वीतभर पाणी पुरतं. जिथं बोटीचा पंखा गाळात रुतेल आणि माणूस चालत गेला तर मांडीपर्यंत आत जाईल, अशा मधल्या पट्ट्यावरून ती सरकत जाते. मोठ्या होडीला तिथं येता येत नाही आणि आजीला तिथपर्यंत जाता आलं नाही. या दोघांच्या मधलं पाणी मैत्रिणीच्या वाट्याला आलं आहे.

आधी पुलाच्या दिशेनं, म्हणजे भरतीच्या विरुद्ध, वल्हवत जायचं. पुलापलीकडे मुखाकडे जायचं नाही, हा तिचा नियम. कितीही मोह झाला तरी नाही. दंड भरून येतात. मग वल्हं मांडीवर ठेवायचं आणि पाण्याबरोबर मागे येत गरवायचं. जाताना कष्ट, येताना फुकट. हे उलटं करणारे लोक असतात. आधी मस्त वाहत जातात आणि परतताना दमलेल्या हातांनी प्रवाहाशी भांडतात.

भरती एकसारखी चढत नाही, हेही तिथं बसल्यावर कळतं. चढायच्या पाण्याचे बारा हिस्से केले तर सहा तासांत ते साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे येतात. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत येतं. आम्ही निघालो तेव्हा दुसरा तास चालू होता. चिखलाच्या कडेला पाणी जिभेसारखं पुढे सरकत होतं. सव्वासहानंतर ते धावायला लागलं आणि मासेही त्याच्याबरोबर आत आले.

दोघांच्या कयाकची एक गंमत आहे, जी फोटोत दिसत नाही. पुढे बसलेल्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. समोरासमोर बसून कॉफीच्या टेबलावर जे बोलता येत नाही ते पाठीशी बोलता येतं. मधे चार-चार मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी चालतं. दोरा बघायचा असतो ना. अशाच एका गप्प जागेनंतर ती म्हणाली, ‘पुण्याच्या ब्रँचला बोलावतायत. प्रमोशन आहे. सहा हजार जास्त. मार्चअखेर सांगायचंय.’

मी म्हटलं, ‘मग?’

‘पुण्यात खाडी नाही.’

‘खडकवासला आहे.’

‘भरती येते तिथं?’

मी हसले, ती हसली नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी हा प्रश्न स्वतःला विचारलेला असेल. किंवा पुढच्या वर्षी विचाराल. गावात राहिलो तर ‘करिअर’ होत नाही आणि बाहेर गेलो तर जे आपल्याला येतं ते तिथं कुणाच्या कामाचं नसतं. खाडीचं पाणी वाचता येणं हे बायोडेटात कुठल्या रकान्यात लिहायचं? ‘इतर आवडी’? तिला आवडच म्हणायचं की काम, हेही अजून तिचं ठरलेलं नाही. माझंही तिला काही सांगून झालं नाही, कारण तेवढ्यात दोरा हलला.

कोण कोण लागतं

पहिल्यांदा लागला शिंगाळा. खाडीतला मिशीवाला मासा, गरवणाऱ्यांच्या नशिबी हमखास येणारा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, ते विषारी. हातात घुसले तर ठणका ब्रह्मांड दाखवतो. मैत्रिणीनं त्याला फडक्यात धरून पकडीनं गळ काढला. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरायचा, त्यानं वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टर गाठायचा. पण या शिंगाळ्याबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झालाय. या कुळातला नर मादीनं घातलेली अंडी स्वतःच्या तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. तेवढे आठवडे तो जवळपास काही खात नाही. तोंडात पोरं असलेला बाप गळाला लागत नाही, जाळ्यात मात्र सापडतो.

शेवटे आमच्या चारी बाजूंनी उड्या मारत होते, अगदी वल्ह्याला धडकतील इतक्या जवळ. पण ते शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खाणारे. कोळंबी लावलेल्या गळाकडे ते ढुंकून बघत नाहीत. शेवट्यांसाठी पाग, म्हणजे फेकायचं जाळं लागतं आणि कयाकमध्ये बसून पाग फेकणं म्हणजे स्वतःलाच फेकणं.

मग लागली तांबोशी. तळहाताएवढी, लालसर, डोळे मोठे. मैत्रिणीनं वल्ह्याच्या दांड्यावर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, मासा त्यावर धरून मोजायचा. मोजायची गरजही नव्हती. तिनं हात ओला करून तिला धरलं, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून, आणि पाण्यात सोडलं.

घाटावरच्या माणसाला इथं प्रश्न पडतोच: एवढं करून मिळालेला मासा सोडून का द्यायचा? कारण ती लहान होती, म्हणजे खाडीची होती. तांबोशी लहानपणी खाडीत, कांदळवनाच्या मुळांच्या जंजाळात राहते. मोठी झाली की बाहेर खोल पाण्यात, खडकांपाशी जाते आणि तिथं तिची वीण होते. खाडी म्हणजे या माशांची बालवाडी. कितीतरी जातींचं हेच आहे. उथळ पाणी, मोठ्या शिकारी माशांना आत यायला अवघड, खायला भरपूर. जे उथळ पाणी आपल्याला ‘नुसता चिखल’ वाटतं त्यातून समुद्राची पुढची पिढी बाहेर पडते. आपल्या राज्यात २०२३ मध्ये सरकारनं ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलं, त्याहून लहान मासा पकडायचा-विकायचा नाही म्हणून. ते शास्त्रज्ञांच्या शिफारशीवरून झालं. मैत्रिणीच्या आईचं म्हणणं त्याहून साधं आहे: ‘पिल्लू विकलं की पुढल्या वर्षी टोपली रिकामी.’ पण तिच्याच शेजारच्या टोपलीत पिल्लं असतात आणि गिऱ्हाईक ती स्वस्त म्हणून घेतं. तेव्हा तुम्ही मासे खात असाल तर पुढच्या वेळी वाट्यातल्या माशांच्या लांबीकडे एकदा बघा. कायदा होडीवर लागतो, पण पिल्लांना भाव आपण देतो.

लहान सोडायचा, हे पटकन पटतं. फार मोठाही सोडायचा, हे पटायला मला वेळ लागला. त्याला कारण जिताडा. रायगडकडे जिताडा, तळकोकणात आणि गोव्यात चोणक. खाडीतला राजा. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, बऱ्यापैकी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे जवळपास प्रत्येक मोठी जिताडी एके काळी नर होती. त्यामुळे सगळे धिप्पाड जिताडे पकडून फोटो काढत बसलं की खाडीत उरतात नुसते नर. मैत्रिणीच्या वल्ह्यावर म्हणून दोन खुणा आहेत, एक खालची आणि एक वरची. खालच्या खुणेच्या आतला सोडायचा, वरच्या खुणेच्या बाहेरचाही सोडायचा. वरच्या खुणेपर्यंतचा मासा तिला अजून लागलेला नाही, पण खूण आहे.

सूर्य बुडाला होता. पूर्वेला, सोमेश्वर-चिंचखरीच्या बाजूला, चंद्र केव्हाच वर आला होता. मागे रत्नदुर्गाकडचा दीपगृहाचा झोत फिरायला लागला होता. आम्ही कांदळवनाच्या कडेनं वाहत होतो आणि दोऱ्याला जिवंत कोळंबी होती. रॉड एकदम वाकला, इतका की टोक पाण्यात गेलं.

बोटीत बसून मोठा मासा ओढणं वेगळं आणि कयाकमध्ये वेगळं. बोट जागची हलत नाही. कयाक हलते. मासा ज्या दिशेला जाईल त्या दिशेला आमचं टोक वळलं आणि आम्ही चक्क ओढल्या जाऊ लागलो. पिवळं प्लॅस्टिक, दोन मुली, एक पाण्याची बाटली आणि टिफिन, सगळं एका माशाच्या मागे. ‘वल्हं घाल, मुळांकडे जाऊ देऊ नको,’ ती ओरडली. जिताडा लागला की पहिला पळतो तो कांदळवनाच्या मुळांत. दोरा तिथं अडकला की संपलं. मी उलटं वल्हवत होते, ती रील धरून होती. मासा दोनदा पाण्याबाहेर उडाला, चंद्राच्या उजेडात तोंड वासून डोकं झटकताना दिसला. किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. घड्याळाप्रमाणे दहा-बारा मिनिटं असतील. शेवटी तो बाजूला आला, थकून आडवा झाला. वल्ह्यावर धरला, तर दोन खुणांच्या मधे. दोन फुटांना थोडा कमी.

तो तिनं ठेवला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये फोटोही काढला नाही, कारण फोन कोरड्या पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोकं तिच्या पाठीमागे.

हे वाचून तुम्हाला जावंसं वाटलं तर आनंद आहे, पण काही गोष्टी घासाघीस न करता पाळा. लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे लावलेले, पोहता येत असलं तरी. कयाक उलटली तर पोहण्यापेक्षा तिला धरून राहणं महत्त्वाचं असतं, म्हणूनच वरून बसायची कयाक घ्यावी, जिच्या तळाला भोकं असतात आणि आत शिरलेलं पाणी आपोआप निघून जातं. गळ्यात शिटी. अंधार पडणार असेल तर डोक्याला दिवा, म्हणजे परतणाऱ्या बोटींना तुम्ही दिसाल. कुठून निघालो आणि किती वाजता परत येणार हे काठावरच्या एका माणसाला सांगितलेलं. एकट्यानं नाही. आणि पावसाळ्यात अजिबात नाही. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. कयाकला इंजिन नाही म्हणून ती त्यात येत नाही, पण डोंगरातून येणारी गढूळ काजळी हा नियम वाचत नाही. शिवाय कितीतरी माशांच्या विणीचा हाच काळ. मैत्रिणीची कयाक जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत अंगणात उलटी, झापांखाली असते. स्वतःची कयाक नसेल तर आधी कुठल्याही शांत खाडीत, माहीतगार माणसाबरोबर भाड्याची घेऊन नुसती वल्हवून बघा. गळ नंतर.

आम्ही घराखाली लागलो तेव्हा पावणेआठ झाले होते. पाणी तोवर इतकं चढलं होतं की जिथं आम्ही चिखलातून कयाक ओढली होती तिथं आता ती पायरीला टेकली. आजी ओटीवर होती. तिनं मासा बघितला आणि डोकं आपलं, हे आधी जाहीर केलं. आईनं तो हातात तोलला आणि वजन सांगितलं. नंतर काट्यावर ठेवला, तर पन्नास ग्रॅमचा फरक. उद्या बाजारात नेला तर एका हप्त्याचे पैसे सुटतील, असंही ती म्हणाली. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही आणि आईनं विळी घेतली.

पुण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मार्च अजून संपलेला नाही. परवा तिचा मेसेज आला, त्यात पुण्याच्या ऑफिसची वेळ विचारली होती आणि खाली पुढच्या अमावास्येची तारीख होती.

बाबा बाहेरून आले ते विळीवरचा मासा बघून थांबले. त्याचा जबडा उघडून गळ कुठं लागला होता ते बघितलं. मग मैत्रिणीकडे वळून, पहिल्यांदाच, विचारलं, ‘कुठं लागला?’

मासेमारीतलं मला फारसं कळत नाही, पण हा प्रश्न कोण कुणाला विचारतं एवढं आता कळतं. मुळे काढून आलेल्या बाईला कुणी तो विचारत नाही. एक मच्छीमार दुसऱ्याला विचारतो आणि दुसरा कधीही खरं उत्तर देत नाही.

‘खाडीत,’ ती म्हणाली.

बाबा हसले आणि हातपाय धुवायला गेले. म्हणूनच या लेखात भाट्याचा पूल आहे, दीपगृह आहे, चिंचखरीकडचा चंद्र आहे, पण कांदळवनाची ती कड नेमकी कोणती, ते मी लिहिलेलं नाही.